कोरड्या डोळ्यांचा शेक

सोलापूर जिल्ह्यांतील उन्हाळा ज्यानें काढला आहे त्याला डोळ्यांची जळजळ म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. माळशिरस तालुक्यांतील श्रीपूर हें साखर कारखान्याचें गांव. तेथें हंगामांत चिमणीची काजळी आणि वैशाखांत कोरडा वारा. त्यांतच कचेरींतील हिशेबनीस दिवसभर संगणकाच्या पडद्याकडे टक लावून बसला म्हणजे सायंकाळीं त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपूं लागतें. मौजेची गोष्ट अशी कीं, पुष्कळदां अशाच डोळ्यांतून पाणी वाहतें. मग 'डोळे कोरडे झाले आहेत' असें डॉक्टरांनीं सांगितलें तर त्यावर विश्वास कसा बसावा?

याचा उलगडा पापण्यांच्या कडांत आहे. वरच्या पापणींत सुमारें २५ ते ४० व खालच्या पापणींत २० ते ३० बारीक तेलग्रंथि असतात. हाइन्रिख माइबोम या जर्मन वैद्यानें १६६६ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणून त्यांना माइबोम ग्रंथि म्हणतात. पापणी लवते तेव्हां तेलाचा सूक्ष्म अंश बाहेर येतो आणि दुधावर साय धरावी तसा अश्रूंच्या पाण्यावर पसरतो. ही साय नसली कीं पाणी लवकर उडून जातें, डोळा चुरचुरतो, आणि त्या चुरचुरण्यामुळेंच अश्रूंचा पूर येतो. पडद्याकडे पाहतांना पापणी फार कमी वेळां लवते. मग तेल आंतच सांचतें, घट्ट होतें व ग्रंथींचीं तोंडें बुजतात. थिजलेलें तूप पातेलें कोमट केल्यावांचून सुटत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

रांजणवाडी आली म्हणजे घरांतील आजी पदराचा बोळा करून, त्यावर तोंडाची वाफ देऊन डोळा शेकीत असे. युक्ति खुळी नव्हती. पण ती ऊब क्षणभराची. गरम पाण्यांत पिळलेला रुमालहि दोन-तीन मिनिटांत निवतो. पापणीला सुमारें ४० अंश सेंटिग्रेड उष्णता पांच ते दहा मिनिटें मिळाली पाहिजे, आणि नेमक्या याच कारणानें बाजारांत शेकण्याच्या पट्ट्या, म्हणजे 'आय मास्क', आल्या.

कांहींत बारीक मणी असतात. ते हवेंतील ओल शोषून घेतात आणि मायक्रोवेव्हमध्यें तापविल्यावर तीच ओलसर ऊब देतात. ही पट्टी पुन्हा पुन्हा वापरतां येते. मात्र सांगितल्यापेक्षां दहा सेकंद जास्त तापविली तर पापणीची नाजूक कातडी भाजते. जेलच्या पट्टींत एखादी जागा अधिक तापलेली राहते, म्हणून ती चांगली चोळून मगच लावावी. विजेच्या पट्टींत उष्णता सारखी राहते. पण उष्णता बेताची ठेवणारी व आपोआप बंद होणारी सोय नसेल तर ती स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. एकदां वापरून टाकावयाच्या पट्टींत लोखंडाची भुकटी असते. पाकीट फोडल्यावर हवेशीं संयोग होऊन ती तापते. प्रवासांत ती सोयीची, रोजच्या उपयोगाला महाग. घरीं मायक्रोवेव्ह असेल त्यानें मण्यांची पट्टी घ्यावी, हेंच बरें दिसतें.

कोणतीहि पट्टी आधीं मनगटाच्या आंतल्या बाजूस लावून पाहावी. चटका बसला तर ती डोळ्यांची नव्हे. ती पापण्यांवर टेकावी, बुबुळावर दाबूं नये. दाब पडला तर कांहीं वेळ दृष्टि अंधुक होते. खोळ धुतां येणारी असावी, आणि एकाची पट्टी दुसऱ्यानें वापरूं नये. काँटॅक्ट लेन्स आधींच काढावी. शेकल्यावर तेल सुटलेलें असतें, तेव्हांच स्वच्छ बोटानें वरची पापणी खालीं व खालची वर अशी हलकेच निपटावी. पुष्कळ लोक हें विसरतात आणि पट्टीला नांवें ठेवतात. दिवसांतून एक-दोन वेळां, कांहीं आठवडे नेमानें केल्यावर गुण कळतो.

ज्यांच्या डोळ्यांत मुळांतच पाणी कमी तयार होतें, जसें कांहीं संधिवाताच्या रोग्यांत दिसतें, त्यांना नुसत्या शेकानें पुरेसा आराम पडत नाहीं. डोळा लाल होऊन दुखूं लागला, पू आला, दिसणें कमी झालें किंवा नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर पट्टी पेटींतच ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावें. श्रीपूरकरांना अकलूज कांहीं लांब नाहीं.