पाळीची वाट पाहणारा गोलंदाज

क्रिकेटच्या सामन्यांत गोलंदाज थकला म्हणजे कप्तान त्याला सीमेकडे धाडतो आणि तासाभरानें चेंडू पुन्हां त्याच्या हातीं देतो. अमेरिकेच्या बेसबॉल या खेळांत ही सवलत नाहीं. तेथें एकदां सामन्यांतून काढलेला गोलंदाज त्या सामन्यांत परत येऊं शकत नाहीं. त्याच्या जागीं ताज्या दमाचा दुसरा आणावा लागतो. मदतीस येणाऱ्या या गोलंदाजाला तिकडे 'रिलीव्हर' म्हणतात. श्रोतेहो, त्याच्या, आणि तोहि दुय्यम लीगमधील, जीवनक्रमाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मुख्य लीगच्या प्रत्येक संघाच्या हाताखालीं दुय्यम लीगचे अनेक संघ असतात. त्यांची रचना शिडीसारखी आहे. नवशिक्यानें खालून आरंभ करावा, वरिष्ठांनीं पसंत केल्यास एकेक पायरी चढावी, आणि मधेंच मुक्त करण्यांत आलें तर सामान बांधून घरीं जावें, असा तेथील रिवाज. रिलीव्हरचा बहुतेक वेळ मैदानाच्या कडेला 'बुलपेन' नांवाच्या जागेंत बसून जातो. टेलिफोन वाजला कीं त्यानें उठून चेंडू टाकीत हात गरम करावयाचा. कधीं बोलावणें येतें, कधीं येतच नाहीं. त्या चेंडूंची नोंद कोणत्याहि तक्त्यांत होत नाहीं. शीण मात्र खांद्याला व कोपराला होतोच.

रिंकू सिंग याची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. उत्तर प्रदेशांतील भदोहीकडचा हा तरुण भालाफेक करी. 2008 सालीं भारतांत 'मिलियन डॉलर आर्म' नांवाची वेगवान चेंडू फेकण्याची स्पर्धा झाली. तींत ताशीं 87 मैल वेगानें चेंडू फेकून त्यानें लाख डॉलरांचें पहिलें बक्षीस मिळविलें. त्याच्याबरोबर निवडला गेलेला दिनेश पटेल हाहि भालाफेक करणाराच. हा निव्वळ योगायोग नव्हे. क्रिकेटमध्यें चेंडू टाकतांना कोपर सरळ करण्यावर निर्बंध आहे. बेसबॉलमध्यें साडेसाठ फुटांवरून चेंडू टप्पा न पाडतां फेकावयाचा असतो, आणि त्याच्या वेगांत वाकलेलें कोपर झटक्यानें सरळ होण्याचा मोठा वांटा असतो. भाला फेकणाराचा हात अशा हालचालीला सरावलेला असतो.

दोघांनींहि पूर्वीं बेसबॉल खेळला नव्हता. लॉस एंजेलिस येथें टॉम हाउस या माजी गोलंदाजाकडे शिक्षण घेऊन त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यांनीं पिट्सबर्ग पायरेट्स या संघाशीं करार केला. 2009 च्या जुलैंत फ्लॉरिडांतील नवशिक्यांच्या लीगमध्यें रिंकूच्या नांवावर विजय लागला. अमेरिकेंतील व्यावसायिक बेसबॉलमध्यें असा विजय मिळविणारा तो पहिला भारतीय नागरिक होय. दिनेशला 2010 च्या अखेरीस मुक्त करण्यांत आलें. रिंकू चढत राहिला. 2012 सालीं वेस्ट व्हर्जिनियांतील चार्ल्सटनच्या संघाकडून त्यानें 39 सामन्यांत 72 डाव गोलंदाजी केली, आणि दर नऊ डावांमागें सरासरी तीनच धावा त्याच्या खात्यावर पडल्या. तेथून मुख्य लीग चार पायऱ्या वर होती.

त्यानंतर मात्र दुखापतींत हंगामामागून हंगाम गेले आणि त्याला पुन्हां अधिकृत सामन्यांत उतरतां आलें नाहीं. 2014 सालीं हॉलीवुडनें या दोघांवर चित्रपट काढला. त्यांतील कथा कराराच्या सुमारास संपते. पडद्यावर ती लोकांनीं पाहिली तेव्हां रिंकू दुखऱ्या हातानें खेळाबाहेर बसला होता. 2018 मध्यें तो अमेरिकेंतील करमणुकीच्या कुस्तीकडे वळला.

या शिडीवरील बहुसंख्य खेळाडूंना मुख्य लीगचें दर्शन होत नाहीं, आणि त्यांना मिळणारें वेतनहि दीर्घकाळ तुटपुंजें होतें. 2022 सालीं ते मुख्य लीगच्या खेळाडूंच्या संघटनेंत सामील झाले. 2023 च्या पहिल्या सामुदायिक करारानें चार्ल्सटनच्या त्या पायरीवरील किमान वार्षिक वेतन 11,000 डॉलरांवरून 26,200 डॉलरांवर गेलें. रिंकूच्या वांट्यास हा लाभ आला नाहीं.

मुख्य लीगपर्यंत पोंचला नाहीं म्हणून त्याला अयशस्वी म्हणावें काय? वयाच्या विशीपर्यंत जो खेळ त्यानें खेळलाहि नव्हता, त्यांत परक्या देशीं एका हंगामांत 39 वेळां चेंडू त्याच्या हातीं विश्वासानें देण्यांत आला. रिलीव्हरच्या यशाचें माप घ्यावयाचें तर तें याच विश्वासावरून घेतलें पाहिजे.