सांगितला म्हणून राहिला

आवडता चित्रपट कोणता, असं विचारलं की माणूस नुसतं नाव सांगून थांबत नाही. नावापाठोपाठ एखादा प्रसंग येतो. 'श्वास' म्हणणारा लगेच त्या आजोबांबद्दल बोलू लागतो, जे नातवाची दृष्टी जाण्याआधी त्याला दवाखान्यातून बाहेर काढतात आणि डोळ्यांत साठवता येईल तेवढं जग दाखवायला घेऊन जातात. 'सामना' म्हणणाऱ्याला हिंदुराव धोंडे पाटलांच्या वाड्यावर आलेला मास्तर आठवतो. आपली सर्वसाधारण समजूत अशी की चित्रपट आधी मनाला भिडतो, भिडला म्हणून लक्षात राहतो आणि लक्षात राहिला म्हणून आपण तो दुसऱ्याला सांगतो. हा क्रम बऱ्याच अंशी उलटा आहे, असं माझं म्हणणं आहे. आपण सांगतो, म्हणून चित्रपट राहतो. ज्याच्याविषयी कधीच कुणाशी बोलणं झालं नाही, तो पाहताना कितीही आवडलेला असो, काही वर्षांत त्याचं नाव आणि एक धूसर समाधान एवढंच उरतं.

याला स्मरणशक्तीच्या अभ्यासातून चांगला आधार मिळतो. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणजे एखादी गोष्ट डोळ्यांखालून पुन्हा घालण्यापेक्षा ती आपल्या आपण आठवून बाहेर काढणं तिला अधिक टिकाऊ करतं. चित्रपट दुसऱ्याला सांगताना आपण नेमकं हेच करतो. समोर पडदा नसतो. क्रम आपणच लावायचा असतो, कोण कुणाला काय म्हणालं ते शोधायचं असतं, आणि ऐकणाऱ्यानं मध्येच "पण मग ती घर सोडून का गेली?" असं विचारलं तर कारणही द्यावं लागतं.

प्रिन्स्टन विद्यापीठात जॅनिस चेन, युरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच्याही पुढे जातो. लोकांना 'शेरलॉक' या मालिकेचा एक भाग दाखवला आणि नंतर कोणतीही मदत न करता तो आपल्या शब्दांत सांगायला लावला. पाहताना आणि सांगताना, दोन्ही वेळा त्यांच्या मेंदूतल्या हालचालींची नोंद केली. एकच प्रसंग सांगणाऱ्या वेगवेगळ्या माणसांच्या नोंदी एकमेकींशी जुळत होत्या. मेंदूच्या काही भागांत तर त्या मूळ पाहण्याच्या नोंदीपेक्षाही एकमेकींशी अधिक जुळल्या. आठवण ही फक्त आपल्या एकट्याची, खासगी वस्तू आहे असं आपण मानतो. पण पाहिलेल्या गोष्टीचं आठवणीत रूपांतर होताना तिला जो आकार येतो, तो बराचसा सामाईक असतो.

मराठी प्रेक्षकाला हे प्रयोगाशिवायही पटायला हरकत नाही. जत्रेतल्या तंबूत किंवा तालुक्याच्या थिएटरात एकानं चित्रपट पाहायचा आणि परत येऊन घरातल्या, आळीतल्या चार जणांना तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायचा, ही आपली जुनी रीत. बायकांना, मुलांना, शेतावर राहणाऱ्यांना कित्येक चित्रपट असे ऐकूनच ठाऊक असत. थिएटरात मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांमध्येही कथेचा सारांश छापलेला असे आणि तो ऐन वळणावर थांबवून पुढचं पडद्यावर पाहा, असं सुचवलेलं असे. प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 मध्ये आला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. त्याच्याविषयी आजही बोललं जातं ते विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेबद्दल, आणि तितकंच गौरी यांनी उभ्या केलेल्या जिजाईबद्दल. देवावर चिडणारी, म्हशीची, पोरांची आणि चुलीची चिंता वाहणारी ही बाई ज्याला त्याला आपल्या घरातल्या कुणासारखी वाटली, म्हणून तिच्याविषयी सांगणं सोपं होतं. चमत्काराची दृश्यं डोळे दिपवतात. जिजाई सांगता येते.

मग कोणते चित्रपट सांगितले जातात? चांगले ते सगळेच, असं मुळीच नाही. 'अशी ही बनवाबनवी' हे यासाठी सर्वांत उपयोगी उदाहरण आहे, कारण त्याच्या कथेची तुलना करायला दुसरा चित्रपट उपलब्ध आहे. राहायला जागा मिळावी म्हणून मित्रांपैकी दोघांनी बायकांचं सोंग घ्यायचं, ही कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या 'बीवी और मकान'मधून आलेली. तो हिंदी चित्रपट आज अभ्यासक आणि मोजके रसिकच आठवतात. सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केलेला 1988 चा मराठी चित्रपट मात्र रोजच्या बोलण्यात शिरला. राहण्याचं कारण कथेत असतं, तर दोन्ही चित्रपट सारखेच राहायला हवे होते. फरक पडला तो वसंत सबनीसांच्या लेखणीनं. 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिणाऱ्या सबनीसांना प्रेक्षक कोणतं वाक्य उचलून घरी नेतो, हे पक्कं ठाऊक होतं. 'बनवाबनवी'तली वाक्यं छोटी आहेत, बोलीतली आहेत आणि त्यांचा विषय घरभाडं, औषधाचे पैसे, साडीचा रंग, दारात येऊन केलेली चौकशी असा अगदी साधा आहे. त्यामुळे ती कचेरीत, एसटीत, लग्नघरात कुठेही वापरता येतात. एकानं अर्धं वाक्य टाकायचं आणि दुसऱ्यानं ते पुरं करायचं. दर वेळी असं झालं की चित्रपट पुन्हा एकदा आठवला जातो, आणि तो दोघांना मिळून आठवला जातो. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी यांनी त्या वाक्यांना जी लय दिली तीही अशीच हस्तांतरित होते, कारण वाक्य म्हणणारा ते त्यांच्याच पट्टीत म्हणतो.

'सामना' दुसऱ्या वाटेनं जातो. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, समोरासमोर निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे झालं तरी काय, असं तो मास्तर विचारत राहतो, आणि साखर कारखान्यापासून शाळेपर्यंत सगळं हिंदुरावांच्या मुठीत असलेल्या गावात हा प्रश्न कुणालाच नको असतो. चित्रपट येऊन अर्धं शतक झालं. सत्तेपुढे गायब झालेल्या एखाद्या माणसाविषयी बोलायची वेळ आली की मारुती कांबळे हे नाव अजूनही पुढे येतं. चित्रपट न पाहिलेलेही ते घेतात. 'बनवाबनवी'नं लोकांना बोलायला वाक्य दिलं, 'सामना'नं विचारायला प्रश्न दिला. प्रेक्षकाच्या हातात काहीतरी द्यायचं, जे थिएटरबाहेर वापरता येईल, हे दोघांनीही केलं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की 'बनवाबनवी' राहिला तो टीव्हीमुळे. सुटीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर तो लागलेलाच असतो. हे खरंच आहे, आणि वाक्यं पाठ व्हायला त्याची मदत झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वाहिन्यांवर त्याच काळातले इतर कितीतरी विनोदी चित्रपट तितक्याच सातत्यानं लागत आले आहेत. ते लागले की आपण बघतो, हसतो, आणि संपले की विसरतो. पुन्हा पाहण्यानं ओळख वाढते, आठवण वाढतेच असं नाही. दुसरा आक्षेप वयाचा. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयात अधिक येतात, हे अभ्यासातून दिसलं आहे. तेव्हा आवडता चित्रपट म्हणजे आपल्या तरुणपणाचंच दुसरं नाव, असं म्हणता येईल. ते अर्धंच बरोबर आहे. वयामुळे कोणत्या काळातला चित्रपट राहील ते ठरतं. त्या काळातल्या शेकड्यांपैकी कोणता, हे ठरत नाही. आणि 1988 नंतर जन्मलेली मुलं 'बनवाबनवी'तल्या धनंजय मानेंचा पत्ता विचारतात, तेव्हा त्यांच्या कोणत्या तरुणपणाची ती आठवण असते? ती त्यांना घरातल्या मोठ्यांकडून मिळालेली असते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला सहज बाजूला सारता येत नाही. काही चित्रपट मनात राहतात ते कुणाला सांगता येत नाहीत म्हणूनच. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' घ्या. डुक्कर पकडायला धावणारं जब्या या दलित मुलाचं कुटुंब, शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थांबलेली माणसं, भिंतीवर रंगवलेल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या आणि इतर महापुरुषांच्या चित्रांवरून जाणारं ते डुकराचं ओझं, आणि शेवटी थेट आपल्या दिशेनं भिरकावलेला दगड. हा चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या कित्येकांना लगेच काही बोलता आलं नसेल. त्यातही जो सवर्ण प्रेक्षक तो दगड आपल्यासाठी आहे हे ओळखतो, त्याला बोलणं अधिक जड जातं. तीव्र भावना आठवण घट्ट करते, हेही खरं. म्हणून इथे माझं विधान मी थोडं आवरतं घेतो: धक्का एकट्यालाही पुरतो. पण 'फँड्री'चं आज जे स्थान आहे ते नुसत्या धक्क्यामुळे नाही. त्या दगडावर लेख लिहिले गेले, महाविद्यालयांत चर्चा झाल्या, घराघरांत वाद झाले, आणि ज्यांनी आयुष्यभर जब्यासारखे टोमणे ऐकले त्यांना आपला अनुभव बोलायला एक प्रसंग मिळाला. धक्क्यातून बाहेर येऊन लोक बोलले, म्हणून तो दगड अजून हवेत आहे.

सांगण्यात बदल होतो, मूळ चित्रपट बाजूला राहतो आणि आपण आपलीच आवृत्ती उराशी धरतो, असंही कुणी म्हणेल. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 च्या आपल्या ग्रंथात हे दाखवूनच दिलं होतं. अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना पुन्हा पुन्हा सांगायला लावली, तेव्हा त्यांना अनोळखी वाटणारे तपशील गळत गेले आणि कथा त्यांच्या ओळखीची होत गेली. आवडत्या चित्रपटांचंही असंच होतं. पात्रांची वाक्यं नीटनेटकी होतात, लांबलेला मधला भाग गळतो, दोन प्रसंग एकत्र येतात. मला यात फार मोठा तोटा दिसत नाही. गळून काय गेलं आणि काय उरलं, यावरून सांगणाऱ्याचा स्वभाव कळतो. म्हणूनच एखाद्याला जाणून घ्यायचं तर त्याच्या आवडत्या चित्रपटाचं नाव विचारण्यापेक्षा तो सांगायला लावावा.

आज नेमकं हेच कमी होत चाललं आहे, याची मला काळजी वाटते. आपण याद्या देतो, तारे देतो, "नक्की बघ" म्हणून नाव पाठवतो आणि पुढचं सांगत नाही, कारण शेवट फोडल्याचा दोष नको असतो. कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी 2011 मध्ये लघुकथांवर केलेल्या प्रयोगात शेवट आधी कळलेल्या वाचकांचा आनंद कमी झाला नव्हता, उलट बऱ्याच कथांमध्ये तो वाढला होता. नंतरच्या अभ्यासांत असे एकसारखे निष्कर्ष आलेले नाहीत, म्हणून त्यावर फार भार टाकायला नको. पण कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांना हरिश्चंद्राचं पुढे काय होणार ते ठाऊक असतंच, आणि तरी ते उठून जात नाहीत. रहस्यपटाचा खुनी सांगू नये, एवढं पथ्य पुरेसं आहे.

सांगण्यालाही मर्यादा आहेत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. त्याचे आज काही भागच उपलब्ध आहेत. त्या काळातले बहुतांश मूकपट तर पूर्णच नष्ट झाले, आणि ज्यांनी ते पाहून घरी सांगितले तेही आता नाहीत. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळं गोळा केली, तेव्हा फाळक्यांचं जे काही हाती लागलं ते वाचलं. 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झालेली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्यामुळेच आज पाहता येते. जिजाईचा राग आपण वाढवून सांगत असू, तर 'संत तुकाराम' लावून ते तपासून घेता येतं. फाळक्यांच्या हरिश्चंद्राच्या हरवलेल्या रिळांबाबत आपल्याला ती सोय नाही.