संगणक अडला, हिशेब नव्हे

आपल्या पेढ्यांवरील रोजमेळ आणि खतावणी आता संगणकात विसावली आहे. काही व्यापारी त्यासाठी 'उबुंटू' ही लिनक्स कुळातील विनामूल्य कार्यप्रणाली वापरतात. एखाद्या सकाळी, अद्ययावतीकरणानंतर, हा संगणक सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर 'कर्नल पॅनिक' अशी अक्षरे दिसतात. त्यातच महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी भरण्याचा अखेरचा दिवस असेल, तर धीर सुटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी 'डिस्क फॉरमॅट करून टाका' असा सल्ला हमखास मिळतो. तो मुळीच मानू नये. कारण बहुधा हिशेब शाबूत असतो आणि तो पुसला जातो फॉरमॅटमुळेच.

कर्नल हा कार्यप्रणालीचा गाभा होय. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्याकडून काम करून घेणारा हा मुनीमच म्हणा ना! लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल प्रथम प्रसिद्ध केला. सुरक्षेसाठी त्यात सतत सुधारणा होत असतात. मुनीम बदलला म्हणून तिजोरीतील ऐवज हलत नाही. तद्वत कर्नल बदलल्याने आपल्या फाइलींना धक्का लागत नाही.

बिघाडाची दोन कारणे वारंवार आढळतात. 'बूट' हा डिस्कवरील विभाग वेगळा आणि लहान असेल, तर जुन्या कर्नलांनी तो भरून जातो आणि नव्या कर्नलची आरंभीची फाइल अपुरी राहते. दुसरे कारण म्हणजे पडद्याचा वा अन्य उपकरणाचा ड्रायव्हर नव्या कर्नलशी न जुळणे.

सुदैवाने उबुंटू नवा कर्नल घालताना आधीचाही राखून ठेवते. संगणक सुरू होताच एस्केप कळ (जुन्या यंत्रांत शिफ्ट) दाबली की 'ग्रब' नावाची यादी दिसते. तीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडून खालचा, कमी क्रमांकाचा कर्नल घ्यावा. संगणक सुरू झाला, तर प्रथम खतावणीची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, दुरुस्ती त्यानंतर. जागा भरली असेल, तर त्याच यादीतील 'रिकव्हरी मोड' मधून 'क्लीन' हा पर्याय जागा मोकळी करतो व 'डीपीकेजी' हा पर्याय अर्धवट राहिलेली स्थापना पूर्ण करतो. ड्रायव्हरचा दोष असेल, तर सुधारित ड्रायव्हर मिळेपर्यंत जुन्या कर्नलवरच काम चालवावे.

जुना कर्नलही चालला नाही, तर दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून संगणक सुरू करावा. तेथे 'ट्राय उबुंटू' निवडावे, 'इन्स्टॉल' कदापि नव्हे. मग डिस्क उघडून फाइली उतरवून घेता येतात. डिस्क सांकेतिक कुलपात असेल, तर तिचा परवलीचा शब्द लागेल. तो लिहून तिजोरीत ठेवलेला असावा.

बँकेत नव्या पद्धतीचे आकडे जुन्या पद्धतीशी जुळेपर्यंत जुनी वही बंद करीत नसत. पेढीवरही तोच नियम पाळावा. विवरणपत्राच्या तारखेच्या तोंडावर अद्ययावतीकरण करू नये, जुना कर्नल लगेच काढू नये, आणि हिशेबाची एक प्रत दुकानाबाहेर, घरी, नेमाने ठेवावी. मग संगणक अडला तरी व्यवहार अडणार नाही.