एक कसोटीतला, एक रणजीतला

१९ फेब्रुवारी २०२५ रोजी नागपुरात मुंबई आणि विदर्भ यांच्यात रणजी करंडकाचा उपान्त्य सामना चालू होता. त्या दिवशी मुंबईचे खेळाडू दंडाला काळी फीत लावून मैदानात उतरले. मिलिंद रेगे गेले होते. तीनच दिवसांपूर्वी त्यांना ७६ वर्षं पूर्ण झाली होती. बातम्यांमध्ये त्यांच्या नावाला बहुतेक ठिकाणी एक शेपूट जोडलेलं होतं : सुनील गावसकरांचे बालमित्र. ते खरंच होतं. पण ज्याच्या नावावर ५२ प्रथम श्रेणी सामने आणि १२६ बळी आहेत, त्याची ओळख दुसऱ्याच्या नावानं करून द्यावी लागणं हे जरा अन्यायाचंच.

धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गात बसून मुंबईच्या दोस्तीबद्दल लिहिणं म्हणजे तसा आगाऊपणा. क्रिकेटच्या नकाशात आपला जिल्हा मुंबईकडे नाही, पुण्याच्या महाराष्ट्र संघाकडे आहे. शिवाय धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. इथल्याच सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तो खो-खोसाठी. तरी बोरी नदीच्या काठावर टेनिस बॉलनं खेळणाऱ्या पोराला गावसकर कोण ते विचारावं लागत नाही. रेगे मात्र सांगावे लागतात.

दोघेही १९४९ चे. रेगे फेब्रुवारीतले, गावसकर जुलैतले. गावसकरांचं घर ताडदेवच्या चिखलवाडीत. पुढे दोघांचं कॉलेज एकच, धोबी तलावचं सेंट झेवियर्स. कॉलेजातून बाहेर पडलं की चार पावलांवर क्रॉस मैदान आणि आझाद मैदान. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या अगदी खेटून. एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या मिड-ऑनच्या पाठीला पाठ लावून उभा असतो आणि ओरडा झाला की आपला चेंडू कुठला हे आधी ओळखावं लागतं. कॉलेजचं क्रिकेट इथंच घडायचं. आंतरविद्यापीठ सामने रोहिंटन बारिया करंडकाचे. त्यात मुंबई विद्यापीठाकडून अजित वाडेकरांनी ३२४ केले होते, गावसकरांनी ३२७ करून तो विक्रम मोडला.

क्लबही एकच, माटुंग्याच्या मैदानावरचा दादर युनियन. माधव मंत्री हे गावसकरांचे मामा, याच क्लबचे आणि शिस्तीच्या बाबतीत कर्दनकाळ. वासू परांजपे कप्तान. गावसकरांना ‘सनी’ हे नाव त्यांनीच दिलं. भर पावसाळ्यात कांगा लीग. ओली खेळपट्टी, घोट्यापर्यंत गवत, चेंडू कधी उसळेल कधी बसेल याचा नेम नाही. माझ्या मते अशा ठिकाणी दोस्तीला बोलण्याची फारशी गरजच पडत नाही. समोरचा किती टिकतो ते दिसतंच.

मग वाटा फुटल्या. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात नखुरड्यामुळे पहिली कसोटी हुकूनही गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. रेगे ऑफस्पिनर. देशाकडे त्या वेळी प्रसन्ना आणि वेंकटराघवन हे दोन ऑफस्पिनर होते. तिसऱ्याला दार उघडायचं कुठून? मुंबईचेच पद्माकर शिवलकर ५८९ बळी घेऊन कसोटीविना राहिले, कारण डावखुऱ्यांच्या रांगेत पुढे बेदी. रेगे गेल्यावर बाराव्या दिवशी शिवलकरही गेले.

रेग्यांच्या आयुष्यातला खरा सामना मैदानाबाहेरचा. वयाच्या २६ व्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. आज असं कुणाचं ऐकलं की नातेवाईक आधी विचारतात, स्टेंट टाकला का? तेव्हा स्टेंट नव्हता, अँजिओप्लास्टीही नव्हती. जगातली पहिली अँजिओप्लास्टी झुरिकमध्ये १९७७ साली झाली. अशा काळात हा माणूस पुन्हा पॅड बांधून रणजीत उतरला, मुंबईचं कप्तानपदही त्यानं सांभाळलं आणि एकूण कारकिर्दीत पाच रणजी विजेतेपदांत त्याचा वाटा राहिला. कसोटीची टोपी मिळाली नाही म्हणून ज्याची कारकीर्द आपण ‘राहून गेलेली’ म्हणतो, त्यानं यापेक्षा जास्त काय करायचं होतं?

पुढे ते निवडकर्ते झाले, मग मुंबई क्रिकेट असोसिएशनचे सल्लागार. गावसकर समालोचनासाठी जगभर, रेगे मुंबईच्या मैदानांवर पोरं हेरत. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडून खेळायला बोलावणाऱ्यांत रेगे होते आणि ते आपल्या कारकिर्दीतलं महत्त्वाचं वळण ठरलं, असं सचिन तेंडुलकरनं त्यांच्या निधनानंतर आवर्जून सांगितलं. मार्च २०२४ मध्ये मुंबईनं विदर्भाला हरवून ४२ व्यांदा रणजी जिंकली, तेव्हाही सल्लागार रेगेच होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वानखेडेवर क्रिकेट संग्रहालयात गावसकरांचा पुतळा उभा राहिला. रेगे असते तर पुतळ्याचा पवित्रा बरोबर आहे की नाही, हे त्यांना विचारता आलं असतं. त्या बॅटची सुरुवात अगदी जवळून पाहिलेल्यांपैकी ते एक होते.