भिंत नसलेला तुरुंग

औंध आज साताऱ्यात आहे आणि आटपाडी सांगलीत. १९३९ साली मात्र ही दोन्ही गावे औंध संस्थानात होती. त्या वर्षी राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा दोन्हींत वाटा होता. शिक्षा झालेली माणसे येथे कुटुंबासह राहून शेती करू लागली. भोवती तुरुंगाची भिंत नव्हती. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची कथा लिहिली.

पळून जाणे शक्य असताना कैदी का थांबतो? हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. कुणी आपल्यावर विश्वास टाकला तेव्हा आपण कसे वागलो, संशय घेतला तेव्हा कसे, हे प्रामाणिकपणे आठवले की तो कैदी तितका परका उरत नाही. पण समानुभूतीचे काम येथे संपत नाही. त्याच्या हातून ज्याचा जीव गेला, त्याच्या घरीही कल्पनेने जाऊन बसावे लागते. तेथे स्वतंत्रपुराची बाजू मांडताना जीभ अडखळते. ते अडखळणे टाळून केलेला विचार अर्धाच राहतो.