जीवाणूंची अन्ननिवड व चयापचयाचे नियंत्रण : सीएसव्ही ८६ या जीवाणूचा अपवाद

प्रास्ताविक :
धाराशिव जिल्ह्यातील अनेक शेतकरी जीवामृत तयार करताना शेण, गोमूत्र व बेसनाबरोबर गूळ वापरतात. गुळामुळे जीवाणूंची संख्या झपाट्याने वाढते. परंतु डिझेल सांडलेल्या मातीत असाच गूळ टाकला, तर तेथील जीवाणू तेल खातील की गुळावरच थांबतील? जीवाणू कर्बस्रोताची निवड कशी करतात, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात या निवडीची यंत्रणा आणि मुंबईत अभ्यासला गेलेला तिचा एक अपवाद यांचे विवेचन केले आहे.

ग्लुकोज प्रथम :
फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९४१ मध्ये दाखविले की, दोन शर्करांच्या मिश्रणात जीवाणूंची वाढ दोन टप्प्यांत होते. इ. कोलाय हा जीवाणू ग्लुकोज व लॅक्टोज यांपैकी आधी ग्लुकोज संपवितो, काही काळ थांबतो व मगच लॅक्टोजकडे वळतो. लॅक्टोजसाठी लागणारी विकरे तयार करणे खर्चिक असल्याने ही काटकसर त्याच्या हिताची ठरते. ग्लुकोज पेशीत येत असताना त्याच्या वाहक यंत्रणेतील एक प्रथिन लॅक्टोजचा प्रवेशमार्ग बंद करते. लॅक्टोज आत आले नाही, की त्याची जनुकेही जागृत होत नाहीत. आपल्या क्रमिक पुस्तकांत सर्व श्रेय चक्रीय एएमपी या संदेशवाहक रेणूला दिले जाते. त्याची भूमिका आहेच. तथापि ग्लुकोज-लॅक्टोजच्या बाबतीत प्रवेशबंदीच अधिक निर्णायक असल्याचे १९९० च्या दशकातील प्रयोगांतून दिसून आले.

स्यूडोमोनासचा पसंतीक्रम :
मातीतील स्यूडोमोनास जीवाणूंचा क्रम निराळा आहे. सक्सिनेटसारखी सेंद्रिय आम्ले प्रथम, त्यानंतर ग्लुकोज आणि बहुधा सर्वांत शेवटी नॅप्थलीन, बेंझोएट यांसारखी वलयी संयुगे. येथे नियंत्रण मुख्यत्वे संदेशवाहक आरएनएच्या पातळीवर होते. सीआरसी व एचएफक्यू ही प्रथिने नको असलेल्या विकरांचे संदेश वाचले जाऊ देत नाहीत. त्यामुळे सोपे अन्न उपलब्ध असताना प्रदूषकाचे विघटन लांबणीवर पडते.

मुंबईतील अभ्यास :
पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आदित्य बसू व प्रशांत फळे आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातील श्रीकुमार आपटे यांनी २००६ मध्ये स्यूडोमोनास पुटिडा सीएसव्ही ८६ या जीवाणूविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. (या जीवाणूला पुढे स्यूडोमोनास भारतिका असे नाव देण्यात आले.) ग्लुकोज व वलयी संयुग एकत्र दिले असता त्याने मोनो यांच्यासारखाच द्विटप्पी आलेख दिला, मात्र क्रम उलटा होता. पहिल्या टप्प्यात वलयी संयुग संपले, दुसऱ्यात ग्लुकोज. डांबरगोळीतील नॅप्थलीन याला साखरेहून प्रिय! पहिल्या टप्प्यात ग्लुकोज आत घेण्याची क्रिया मंद होती आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज या विकराची क्रियाशीलताही कमी होती. दुसऱ्या टप्प्यात दोन्ही वाढल्या. या जीवाणूत ग्लुकोजचा वापर पेशीच्या आत, फॉस्फेट जोडूनच होतो. बऱ्याच स्यूडोमोनासमध्ये असणारा, ग्लुकोजचे पेशीबाहेर ऑक्सिडीकरण करणारा मार्ग त्यास नाही. म्हणून प्रवेश रोखला की ग्लुकोजचा वापरही थांबतो. सेंद्रिय आम्ले मात्र तो वलयी संयुगांबरोबर एकाच वेळी वापरतो.

मातीच्या संदर्भात :
प्रदूषित मातीत साखर असतेच, शिवाय मुळांतून शर्करा व आम्ले सतत पाझरतात. सामान्य स्यूडोमोनास तेथे प्रदूषकाकडे उशिरा वळण्याची शक्यता असते. सीएसव्ही ८६ सारख्याचे महत्त्व यासाठीच आहे. गुळाचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. गुळात प्रामुख्याने सुक्रोज असते व स्यूडोमोनास पुटिडाचे अनेक वाण ते थेट वापरू शकत नाहीत; परंतु इतर सूक्ष्मजीव त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करून देतात. म्हणून दूषित जमिनीत गूळ टाकण्यापूर्वी छोट्या वाफ्यात गुळासह व गुळाविना चाचणी घ्यावी, आणि तीत जीवाणूंची संख्या नव्हे, तर शिल्लक प्रदूषक मोजावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही हे तत्त्व पडताळता येईल. एका चंबूत सोडियम बेंझोएट, दुसऱ्यात सोडियम बेंझोएट व ग्लुकोज घेऊन स्थानिक मातीतील स्यूडोमोनास वाढवावा व दर अर्ध्या तासाने वर्णमापीवर गढूळपणाची नोंद घ्यावी. दुसऱ्या चंबूचा आलेख मध्येच सपाट झाला, तर त्या क्षणी द्रावणात ग्लुकोज व बेंझोएट यांपैकी काय उरले आहे, हे तपासावे.