कळा सुरू होण्याआधीचं काम

“सिस्टर, तिचं रक्त साडेसहा आहे,” असं आशाताईनं फोनवर सांगितलं की मी पुढचं काही विचारत बसत नाही. त्या बाईला धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायला गाडी कशी मिळेल, तेवढं बघते.

मी मेळघाटातल्या एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन किमान ११ असावं लागतं. ७ च्या खाली गेलं की धोका मोठा. बाळ झाल्यावर गर्भाशय नीट आवळलं नाही, तर होणारा रक्तस्राव दोनेक तासांत जीव घेऊ शकतो. तो टाळायला बाळ बाहेर येताच मिनिटभरात आम्ही मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतो. पण अकरा रक्ताची बाई जेवढा स्राव सोसते, तेवढाच स्राव सहा रक्ताच्या बाईला सोसत नाही. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये घाट. पावसाळ्यात नाले भरले की आमच्या पाड्यांवरून धारणीसुद्धा लांब पडते. म्हणून बाळंतपणाच्या दिवशी आमच्या हातात फार थोडं उरतं. जे करायचं, ते चौथ्या महिन्यापासून करावं लागतं.

लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस. सरकार ती फुकट देतं, पण बायका ती खात नाहीत. मळमळतं, शौचाला काळं होतं. शिवाय गोळीनं बाळ पोटात मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, असं घरातल्या म्हाताऱ्या सांगतात. या भीतीला अडाणीपणा म्हणून झटकू नये. अडलेलं बाळंतपण आणि त्यात गेलेली बाई त्यांनी पाहिलेली असते. म्हणून मी सुनेआधी सासूजवळ बसते. “आजी, गोळी रात्री जेवल्यावर द्या, चहाबरोबर नको, वर लिंबू पिळून पाणी द्या,” असं सांगते. पुढच्या भेटीत गोळ्यांचं पाकीट आजीलाच मागते. ज्या घरात सासूनं मनावर घेतलं, तिथे रक्त वाढताना मी पाहिलं आहे. आमच्याकडे सिकलसेलही आहे, त्यामुळे रक्त कमी दिसलं की ती तपासणीही करावी लागते.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर इथली कितीतरी कोरकू आदिवासी कुटुंबं मजुरीला बाहेर जातात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. बायका रस्त्यावर गाड्या थांबवून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात, गाव भरून जातं. आम्ही त्याच आठवड्यात रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो, कारण सातवा महिना लागला तरी एकही तपासणी न झालेली बाई तेव्हाच भेटते.

महाराष्ट्राचा मातामृत्यूचा आकडा २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. आकडा चांगलाच आहे. पण राज्याच्या सरासरीत आमचे पाडे दिसत नाहीत.

अशा लांबच्या पाड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ माहेरघर असतं. तारखेच्या काही दिवस आधी गरोदर बाईनं तिथे येऊन राहायचं, म्हणजे रात्री-अपरात्री गाडीची वाट बघायला नको. सरकारच्या चांगल्या योजनांपैकी ही एक. तरी ऐन पेरणीत बाई येत नाही. शेळ्या कोण बघणार, धाकटं पोर कोणाकडे ठेवणार? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, अनोळखी खोलीत जवळ कोण असणार?

आमच्या एका पाड्यावरची वयस्क दाई बायकांसोबत यायला लागली, तेव्हा या प्रश्नाचं महत्त्व मला नीट कळलं. ती पाठ चोळते, कोरकूत धीर देते, कळा येत असताना बाईला हात धरून चालवते. इंजेक्शन, रक्तदाब, बाळाचे ठोके माझ्याकडे. आमची भांडणं झाली नाहीत. पूर्वी दाईला बाळंतपणाच्या खोलीबाहेर थांबवत. त्यात बायकांचं फार नुकसान झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाळ घरी गेलं की आशाताईच्या भेटी सुरू होतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून उभी केली. १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात ती पद्धत आली. आमच्याकडे या भेटींचं मोल आणखी एका कारणासाठी आहे. बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडानं चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. आशाताई वेळेवर पोचली, तर चटक्याआधी बाळ दवाखान्यात येतं. भूमका म्हणजे गावचा पारंपरिक वैद्य; त्याच्याशीही आम्ही बोलतो. त्याचा मान ठेवून सांगितलं, की पूजा करून तो बाळाला आमच्याकडे पाठवतो.

या वर्षी पावसाळ्यात बाळंत होणाऱ्या बायकांची यादी आम्ही मे महिन्यातच करतो आहोत. प्रत्येक नावापुढे रक्त किती, नाला कुठला, शेळ्या कोणाच्या भरवशावर आणि सोबत कोण येणार, हे लिहिलेलं आहे. सोबतीच्या रकान्यात दाईचं नाव सगळ्यांत जास्त वेळा आहे. ती माहेरघरात राहते तेवढे दिवस तिची शेतावरची मजुरी बुडते. ती भरून मिळावी, अशी मागणी मी तालुक्याच्या बैठकीत मांडली आहे आणि पुढच्या बैठकीतही मांडणार आहे.